सही तुमची, धंदा तिचा : आई-बाबांना आणि सर-मॅडमना खुलं पत्र

पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या आई-बाबांनो, आणि त्यांना शिकवणाऱ्या सर-मॅडमनो,

नमस्कार. मी लहान धंद्यांचे हिशोब लिहायचं काम करते. दिवसभर लोकांची बिलं आणि बँकेची स्टेटमेंट्स बघायची, कुठे काय जुळत नाही ते शोधायचं, हेच माझं काम. हे पत्र लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं, पण गेल्या आठवड्यात एक मुलगा त्याच्या आईबरोबर आला आणि मग राहवलंच नाही.

मुलगा सोळा वर्षांचा, गेमचे कंट्रोलर दुरुस्त करतो. घरी टेबलाच्या एका कोपऱ्यात सुरू केलं आणि आता कामं इतकी यायला लागली की आईला वाटलं हिशोब नीट लावायला हवा. मी त्याला विचारलं काय काय दुरुस्त करतोस, तर आई म्हणाली, "सगळंच करतो तो." मी विचारलं महिन्याला साधारण किती कंट्रोलर येतात, परत आईच बोलली. पोरगा नुसता बुटाच्या लेसशी चाळा करत बसलेला. मग मी मुद्दाम त्याच्याचकडे बघून विचारलं की कंट्रोलरची स्टिक हात न लावता आपोआप एका बाजूला सरकते, ते का होतं रे? आणि पोरगं जे बोलायला लागलं ते थांबेचना! की स्टिकच्या खाली कार्बनचा एक पातळ पट्टा असतो, त्याच्यावर एक बारीक पत्रा घासत फिरतो, त्यावरून मशीनला कळतं स्टिक कुठे आहे, आणि तो पट्टा झिजला की चुकीचं रीडिंग जातं, म्हणजे तुम्ही गप्प बसलाय आणि गेममधला माणूस चालतोय. कधीकधी नुसती धूळ असते, साफ केली की झालं, नाहीतर अख्खा तुकडा काढून नवा सोल्डर करावा लागतो. आणि पाण्यात पडलेले कंट्रोलर मी घेतच नाही, म्हणाला.

तर आई लगेच म्हणाली, "अरे पण ते घेतलेस तर जास्त पैसे मिळतील ना."

पोरगा गप्प. परत लेस.

मी थोडं खोदून विचारल्यावर कळलं की त्याने आधी तीन घेतले होते पाण्यातले, तिन्ही दुरुस्त करून दिले आणि तिन्ही परत आले, कारण गंज आतल्या आत वाढत राहतो, आज चालतंय म्हणजे पुढच्या महिन्यात चालेलच असं नाही, आणि त्या तिघांच्या मागे त्याचा पूर्ण आठवडा गेला, बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली. म्हणजे या सोळा वर्षांच्या मुलाने कोणी न शिकवता ठरवलं की कुठलं काम घ्यायचं नाही. मी चाळीस-पन्नास वर्षांचे धंदेवाले बघते ज्यांना हे अजून जमलेलं नाही, आलेलं प्रत्येक काम घेतात आणि मग वर्षाच्या शेवटी मला विचारतात पैसे गेले कुठे. आणि या मुलाचा तो निर्णय घरच्यांनी एका वाक्यात पुसून टाकला, अगदी प्रेमाने.

मला तुमच्याशी नेमकं याच्याबद्दल बोलायचंय.

अडचण अशी आहे की तुमच्याशिवाय या पोरांचं चालत नाही. जवळजवळ सगळ्या देशांत सज्ञान व्हायचं वय १८ आहे, आणि त्याच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याच्या दृष्टीने लंगडा असतो. काही देशांत तो मुळातच रद्द धरतात, काही ठिकाणी मुलाला तो मोडायची मुभा असते पण समोरच्याला नसते. हे मुलांना कोणी फसवू नये म्हणून केलेलं आहे आणि ते बरोबरच आहे, पण त्याचा उलटा परिणाम असा होतो की माल उधार देणारा व्यापारी, जागा भाड्याने देणारा, बँक, ऑनलाइन पेमेंट घेणारी कंपनी, सगळे म्हणतात मोठ्या माणसाला घेऊन या. मग खातं तुमच्या नावावर, करार तुमच्या नावावर, उद्या काही झालं तर नोटीस तुमच्या नावावर. एवढं सगळं नावावर आलं की माणसाला वाटायला लागतं की धंदा पण आपलाच. हे कधी वाटायला लागलं ते कळतसुद्धा नाही, कारण त्यात वाईट हेतू कुठेच नसतो.

मला हे माहीत आहे कारण मी त्या मुलाच्या खुर्चीवर बसलेली आहे.

मी पंधरा वर्षांची असताना वह्या शिवायला सुरुवात केली. छापखान्यात कागद कापून झाला की कडेच्या लांब पट्ट्या उरतात, कधी जरा मोठे तुकडे पण असतात, ते मी वजनावर घ्यायचे. घरी आणून घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची, आरीने भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावून शिवायचं, पुठ्ठ्याला खळ लावून वर कापड चढवायचं, आणि रात्रभर जड वजनाखाली दाबून ठेवायचं. सकाळी उठल्या उठल्या वजन काढून बघायचं. तो क्षण मला अजून आठवतो, वही उघडताना पहिल्यांदा जो बारीक कर्र आवाज येतो ना, त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं.

पहिल्या पंचवीस वह्या आठ दिवसांत संपल्या. मी हवेत. मला वाटलं लोकांना हे पाहिजेच आहे, आणि मी होते नव्हते ते सगळे पैसे घालून आणखी साठ वह्यांचं सामान आणलं. त्यातल्या अकरा विकल्या गेल्या, बास. कारण काय, तर पहिल्या पंचवीस घेणारे सगळे नातेवाईक होते. मामा, मावशी, काका, आईच्या मैत्रिणी. त्यांनी कौतुकाने घेतल्या, वही हवी होती म्हणून नाही. काही वर्षांनी मावशीच्या कपाटात काहीतरी शोधताना माझ्या सहा वह्या सापडल्या, एकीचंही पान उघडलेलं नव्हतं, कण्याला घडीसुद्धा पडलेली नव्हती. मावशीचं माझ्यावर खूप प्रेम आहे, अजूनही आहे. पण त्या सहा वह्यांनी मला जे खोटं सांगितलं त्याची किंमत मी घरात पडून राहिलेल्या एकोणपन्नास वह्यांनी मोजली. म्हणून हात जोडून सांगते, पोरांकडून वस्तू घ्यायची असेल तर ती वापरायला घ्या आणि मग खरं सांगा. खळ सुटली तर सांगा, पान शाईने पाझरतं तर सांगा. आणि नको असेल तर नको म्हणा. धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या नकारातून जे कळतं ते कौतुकातून कळत नाही, आणि ते जितक्या लहानपणी कळेल तितकं स्वस्तात कळतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. एका ऑफिसने साठ वह्यांची ऑर्डर दिली. माझी पहिली मोठी ऑर्डर, आणि करारावर अर्थातच बाबांची सही, कारण मी लहान. मी तीन आठवडे शाळेतून आल्यावर रोज बसले. वह्या दिल्या. चार-पाच दिवसांत सगळ्यांची कव्हरं वाकली, एकूण एक, जणू टेबलावर साठ होड्या ठेवल्यात. ऑफिसमधून फोन आला तो बाबांना, कारण कागदावर नंबर बाबांचा. बाबांनी माफी मागितली, स्वतःच्या खिशातून सगळे पैसे परत केले आणि मला सांगितलं की त्यांना वह्या आवडल्या हं, पण पुढची ऑर्डर आत्ता नाही.

मला हे कळलं दोन वर्षांनी, त्यांच्या जुन्या डायरीत. एका तारखेखाली रक्कम लिहिलेली आणि पुढे माझं नाव आणि "वह्या परत".

त्यांनी का केलं ते मला तेव्हाही समजलं आणि आता तर जास्तच समजतं. माझी परीक्षा जवळ होती, मी आधीच थकलेली होते, त्यांना बघवलं नाही. पण त्या दोन वर्षांत मी त्याच पद्धतीने वह्या करत राहिले आणि त्याच पद्धतीने त्या वाकत राहिल्या, एक-दोन एक-दोन विकल्या जायच्या त्यामुळे कोणी तक्रार करायचं नाही, नुसतं परत घ्यायला यायचं नाही. मला वाटायचं लोकांना आवड नाही. शेवटी एका म्हाताऱ्या बाइंडरने माझी वही हातात घेतली आणि पाच सेकंदात सांगितलं, "पोरी, कागद आडवा लावलायस." कागदाला लाकडासारखाच धागा असतो, तंतू एका दिशेने पडलेले असतात, आणि ओलं झालं की कागद त्या तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. धागा नेहमी वहीच्या कण्याला समांतर हवा, पानांचाही आणि पुठ्ठ्याचाही, नाहीतर खळ वाळताना कव्हर वाकणारच. मी तुकड्यांचा कागद वापरत होते, तुकडा जसा बसेल तसा लावत होते. एवढंच होतं. मला त्या ऑफिसच्या माणसासमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं, त्याच्या टेबलावरच्या साठ वाकड्या वह्या डोळ्यांनी बघाव्या लागल्या असत्या, तर मी त्याच दिवशी कारण शोधायला बाहेर पडले असते. बाबांनी पैसे भरले ते ठीक, मी ते हप्त्याने फेडले असते. पण त्यांनी ती चूकच माझ्याकडून काढून घेतली आणि मला ती हवी होती हो.

बाबा हे वाचतील. बाबा, मी रागावलेली नाही.

आता तुम्ही विचाराल मग आम्ही करायचं काय, सही करायची आणि गप्प बसायचं? तर जवळजवळ तसंच, पण पूर्ण नाही.

पूर्वीची दोन-तीन उदाहरणं मला फार आवडतात कारण त्यात मोठी माणसं बरोबर जागी उभी आहेत. अमेरिकेत चेस्टर ग्रीनवुड नावाचा एक मुलगा होता, थंडीत त्याचे कान दुखायचे, म्हणून १८७३ च्या सुमाराला, पंधरा वर्षांचा असेल तेव्हा, त्याने तारेची दोन वेटोळी केली आणि आजीला सांगितलं यावर फर शिवून दे. आजीने शिवून दिली. कल्पना त्याची, तार त्याची, टाके आजीचे, आणि १८७७ मध्ये कानपट्ट्यांचं पेटंट निघालं ते नातवाच्या नावावर, मग त्याने त्याचा कारखाना काढला. आजीने असं म्हटलं नाही की कान झाकायला टोपी आहे की घरात. किंवा फ्रेड डिलुका बघा, १९६५ मध्ये सतरा वर्षांचा होता, कॉलेजच्या फीसाठी पैसे हवे होते, तर घरच्यांच्या ओळखीतल्या पीटर बक या शास्त्रज्ञाने त्याला हजार डॉलर दिले आणि पार्टनर झाला. सँडविचच्या दुकानाच्या पाटीवर सुरुवातीला नावसुद्धा त्या मोठ्या माणसाचं, 'पीट्स सुपर सबमरीन्स', आणि दुकान चालवायचा पोरगा. पहिलं दुकान नीट चाललं नाही. तेव्हा बकने पैसे परत मागितले नाहीत, दोघांनी मिळून दुसरं दुकान काढलं, आणि तेच पुढे सबवे झालं. स्वीडनमध्ये इंग्वार काम्प्राडला वडिलांनी अभ्यास चांगला केला म्हणून काही पैसे दिले, त्यातून १९४३ मध्ये सतराव्या वर्षी त्याने आयकिया, आज फर्निचरसाठी ओळखली जाते ती कंपनी, सुरू केली, आणि सुरुवातीला त्यात फर्निचर नव्हतंच, पेनं, पाकिटं, फोटोच्या फ्रेमा असलं विकायचा, फर्निचर आलं १९४८ ला. पाच वर्षं तो काय विकावं हेच शोधत होता असं म्हणा ना. तुमच्या मुलीला पाच महिने तरी द्या.

ही नावं मोठी झाली म्हणून मी सांगत नाहीये, तुमच्या मुलीचा धंदा बहुतेक सहा महिन्यांत बंद पडेल आणि त्यात काही बिघडत नाही. मी सांगतेय ते मोठ्या माणसाने कुठे उभं राहायचं याबद्दल.

पैशाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, बक्षीस म्हणून देऊ नका, उसने द्या. रक्कम इतकीच ठेवा की पूर्ण बुडाली तरी घरात कोणाचं तोंड उतरणार नाही. व्याज नको, पण कागदावर लिहा, कधी आणि कसे परत करायचे ते तिलाच ठरवू द्या. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा, की किती तोटा झाला की थांबायचं. ही ओळ आधी लिहिलेली असली की नंतर भांडण होत नाही, आणि थांबणं म्हणजे हरणं असं वाटत नाही, ठरलेलं होतं म्हणून थांबलो. खातं तुमच्या नावावर असेल तर वेगळं खातं ठेवा, घरखर्चाच्या खात्यात तिचे पैसे मिसळू नका, प्लीज, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात. आणि मुलांच्या कमाईवरही काही ठिकाणी कर लागतो, तेवढं आधी विचारून घ्या.

हिशोबाची वही मात्र तिची. तिच्या हातची. चुकीची असू दे. बहुतेक पोरं एक गोष्ट हमखास विसरतात, खराब झालेला माल. मी चाळीस वह्या केल्या की तीन-चार वाया जायच्या, कुठे आरी घसरली, कुठे खळ बाहेर आली, आणि मी नफा काढताना चाळीसही विकल्या असं धरायचे. दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे स्वतःचा वेळ. एक वही करायला पावणेदोन तास लागत असतील आणि सामान वजा जाता हातात येतं ते तासाला बघितलं तर जवळजवळ शून्य, हे कळायला मला वर्ष लागलं. आणि तिसरी, मित्रमैत्रिणींची उधारी. वहीत नफा दिसतोय आणि पुढचा कागद आणायला पैसे नाहीत, कारण ते मैत्रिणींकडे अडकलेत, आणि मागायची लाज वाटते. तुम्हाला हे सगळं आधीच दिसेल, तुम्ही मोठे आहात. तरी तुम्ही सांगू नका. विचारा. "खराब झालेल्या कुठे लिहिल्यास गं?" एवढंच विचारा आणि चहा प्यायला उठून जा.

आता जिथे नाही म्हणायचं तिथे मात्र ठाम म्हणा, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला एकट्याने भेटायला जायचं नाही. घरचा पत्ता ऑनलाइन टाकायचा नाही. ज्या कामात जीवाला धोका आहे ते काम नाही. झोप आणि शाळा धंद्याच्या आधी. हे माझ्या मनचं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३२ मध्ये सरळ म्हटलंय की मुलाचं आर्थिक शोषण होता कामा नये आणि ज्या कामाने शिक्षणात किंवा तब्येतीत खोडा येतो त्यापासून त्याला जपायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारात कामाला लागायचं किमान वय साधारण १५ धरलंय, आणि धोक्याच्या कामासाठी १८. पण त्याच बालहक्क करारात कलम १२ पण आहे, की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकून घेतलं पाहिजे आणि त्याला वजन दिलं पाहिजे. लोकांना पहिलं आठवतं, दुसरं आठवत नाही. आणि काही घरात तर तिसरंच चालतं, धंदा आई-बाबांच्या हौसेचा, फोटोत पुढे पोरगं, आणि पोराला त्यात काडीचा रस नाही. ती मुलं पण मी बघितलीत. ती माझ्यासमोर बसली की घड्याळ बघत असतात.

सर-मॅडम, तुमच्यासाठी थोडंच लिहिते. वर्गातल्या एखाद्या मुलीने पोस्टर किंवा राख्या-कार्डं करून विकायला सुरुवात केली की लगेच शाळेच्या कार्यक्रमाची सगळी पोस्टरं तिच्याकडून फुकट करून घेतली जातात, आणि तिला वाटतं हा मान आहे. मान असेल तर पैसे द्या. थोडे द्या, पण द्या, आणि बिल मागा तिच्याकडे. तिने आयुष्यात केलेलं ते पहिलं बिल असेल. आणि शाळेत काही करायचंच असेल तर ज्युनियर अचीव्हमेंट ही संस्था १९१९ पासून जे करत आली आहे ते बघा. त्यांच्या विद्यार्थी कंपनीत मुलं छोटे शेअर विकून भांडवल उभं करतात, वस्तू करतात, विकतात, आणि वर्ष संपलं की कंपनी रीतसर बंद करून हिशोब चुकता करतात. मला त्यातला बंद करायचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण धंदा नीट बंद कसा करायचा हे कोणीच शिकवत नाही. मार्क मात्र देऊ नका त्याला, गिऱ्हाईक देतंच.

तो कंट्रोलरवाला मुलगा येत्या शनिवारी परत येणार आहे. मी त्याला सांगितलंय की वही तू लिहून आण, जशी येईल तशी, पाण्यातल्या त्या तीन कंट्रोलरमध्ये गेलेला आठवडा पण त्यात लिही. आणि आईला विचारलं की तुम्ही तेवढा वेळ बाहेरच्या खुर्चीवर बसाल का. त्या जरा थांबल्या, मग हो म्हणाल्या. जाताना दारातून मुलाला विचारत होत्या, त्या पट्ट्यावर घासतो तो पत्रा म्हणजे नेमका कसला रे.

तुमची,
वह्या शिवणारी एक मुलगी, आता हिशोब लिहिणारी बाई